तीन फेब्रुवारी की दोन मार्च

मुक्काम हिरडटोला, ता. कुरखेडा, जि. गडचिरोली
दिनांक सहा फेब्रुवारी (महिना मुद्दाम अक्षरांत लिहिला आहे, कारण खाली येईलच)

आमच्या घरचे दिवाळीचे मानाचे पाहुणे जावईबापू श्रीहरीराव यांना घुग्घुस मुक्कामी सासरे लटारू यांचा नमस्कार. तुम्ही वयानं लहान म्हणून सोबत आशीर्वादही पाठवतो. दोन्हींपैकी जे शोभेल ते ठेवून घ्यावं.

तुमची तब्येत कशी आहे? घुग्घुसच्या धुळीनं मागच्या वर्षी तुम्हाला जो खोकला धरला होता तो यंदा लवकर सुटला असेल अशी आशा करतो. मोटारसायकलवर ड्युटीला जाता तेव्हा ट्रकच्या मागे फार जवळ राहू नका, आणि तोंडाला रुमाल बांधत जा (नंदिनी धुऊन देत नसेल तर मला कळवा, मी तिला बोलतो). नंदिनीची कंबर दुखायची ती राहिली का? माझी तब्येत उत्तम आहे. बीपीच्या सात गोळ्या शिल्लक आहेत. छातीत अधूनमधून धडधडतं, पण इथल्या सरपंच गुणाबाई म्हणतात की ते भुकेनं होतं आणि लगेच ताट वाढतात, त्यामुळे धडधड आहे की अजीर्ण हे आता मलाच सांगता येत नाही. मला कोणी मारलेलं नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण वडशाला आमच्या नाटक मंडळीच्या ऑफिसात तशी बातमी आहे असं ऐकतो.

फोन सोडून मी पत्र का लिहितो याचं नवल वाटेल. हिरडटोल्यात रेंज फक्त तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, येते, तीही बोलण्यापुरती. पाळीवर उभं राहून ओरडल्याशिवाय पलीकडे ऐकू जात नाही, आणि मी ओरडू लागलो की पाच-सहा माणसं कामधाम सोडून ऐकायला उभी राहतात. मला जे सांगायचं आहे ते पाच-सहा माणसांसमोर ओरडण्यासारखं नाही. म्हणून हे पत्र उद्या सकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरजवळ देतो, तो कुरखेड्याला पेटीत टाकेल (टाकेल ना? माणूस भला वाटतो, पण विसरभोळाही वाटतो).

तुम्हाला माहीत आहे की कलाबाईंच्या नाटक मंडळीत मी एकतीस वर्षं मॅनेजर आहे, आणि त्याआधी सहा वर्षं विंगेत बसून नटांना वाक्यं पुरवत होतो. तुम्ही खाणीच्या ऑफिसातले, म्हणून आमच्या धंद्यातली एक गोष्ट नीट सांगून ठेवतो. झाडीपट्टीतलं गाव आमच्याजवळ येऊन तारीख पक्की करतं तेव्हा ती नुसती तारीख नसते. त्या दिवशी गावात शंकरपटात बैल धावतात नाहीतर मंडईची जत्रा असते. लेकी-जावई येतात, सोयरे येतात, घरोघरी वडे तळतात, आणि एवढ्या माणसांना जमवून शेवटी दाखवायचं काय, तर आमचं नाटक. तारीख चुकली तर गाव चार गावांत खाली मान घालून हिंडतं आणि मंडळीचं नाव वीस वर्षं निघतं. या सगळ्या तारखा मी लाल कापडी वहीत लिहीत होतो. एकतीस वर्षांत एकही चुकली नाही. (एकदा एक चुकली होती, पण त्या दिवशी पूर आला आणि कोणाला कळलं नाही.)

मग दिवाळीला तुम्ही आलात आणि कलाबाईंच्या समोर तो लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवलात. माझ्या मनात त्याबद्दल काडीची तक्रार नाही. जावयानं सासऱ्याला काही द्यावं ही आपल्याकडची रीत नाही, उलटीच आहे, म्हणून मला जास्तच भरून आलं. तुम्ही एका दुपारी मला एक्सेल शिकवलंत. आडव्या ओळी, उभे रकाने, एकेका चौकटीत एकेक गोष्ट. कलाबाई म्हणाल्या, "लटारूभाऊ, आता वही बंद. जवाईबापूनं एवढं देल्लं, तं त्याच्यातच लिवा." ज्या बाईनं चाळीस वर्षं नायिका, मग आई, मग सासू अशी कामं केली तिच्या आवाजात एक प्रकार असतो. मी त्याच दिवशी वही पेटीत घातली.

त्यानंतर जे जे झालं ते तुम्हाला फोनवर तुकड्यातुकड्यांत माहीत आहे, पण एकत्र कळलं तर माझ्या जिवाची कल्पना येईल. पहिल्याच आठवड्यात तारखांच्या रकान्यात तारखा जाऊन नुसत्या जाळ्याजाळ्या उगवल्या. मला वाटलं, यंत्रानं सगळ्या तारखा रद्द केल्या. मी चप्पल काढून बसलो, पाणी प्यायलो, मग तुम्हाला फोन केला. तुम्ही ट्रकांच्या रांगेत अडकला होता तरी सांगितलंत, की मामाजी, रकाना अरुंद झाला, रुंद करा. केला. तारखा परत आल्या. पण माझी त्या दिवसाची झोप परत आली नाही. मग जांभूळबोडीच्या मंडळाच्या अध्यक्षांचा मोबाईल नंबर मी जरा भारदस्त दिसावा म्हणून पुढे ९१ लावून टाकला, तर तो नऊ दशांश एक नऊ, इंग्रजी ई, अधिक अकरा असा झाला. मी तो आमच्या मेटाडोरच्या ड्रायव्हरला तसाच वाचून दाखवला आणि त्यानं खरोखर तसा लावून पाहिला. मग सामानाच्या यादीत मी सवयीनं आधी आडवी रेघ मारून पुढे 'तबला' लिहिलं, तर चौकटीत इंग्रजीत 'नेम' असं येऊन पुढे प्रश्नचिन्ह आलं. यंत्र नाव विचारतं तर सांगायला काय हरकत, म्हणून मी खालच्या चौकटीत 'लटारू' असं लिहिलं. मग एकाच तालुक्यातली दोन गावं एका खाली एक होती ती शोभेसाठी 'मर्ज' केली. यंत्रानं इंग्रजीत काहीतरी विचारलं, मी मोठ्या मनानं ओके म्हटलं, आणि खालचं गाव नाहीसं झालं. दोन दिवसांनी त्या गावचे लोक ऑफिसात आले तेव्हा मला ते गाव आठवलं.

तरीसुद्धा जानेवारीपर्यंत गाडं चाललं, कारण जानेवारीच्या तारखा जुन्या वहीतच होत्या आणि मी गुपचूप पेटी उघडून पाहत होतो. फेब्रुवारी आणि मार्च मात्र फक्त लॅपटॉपमध्ये. त्याची छापील यादी ऑफिसात टांगायची आणि एक ड्रायव्हरजवळ द्यायची असं ठरलं. वडशात दिव्यानी नावाची एक मुलगी कॉम्प्युटर सेंटर चालवते, हुशार आहे, पण थोडं बोलते आणि जास्त पाहते. तिच्याकडे न्यायची म्हणून मी फाईल साठवायला गेलो तर साठवण्याचे वीस प्रकार निघाले. मी त्यातला सर्वांत लहान नावाचा घेतला, सीएसव्ही. तिनं उघडली तर पिवळा रंग गेलेला, दुसऱ्या पानावरची जेवणाची यादी गेलेली, आणि सगळ्या गावांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा. ती म्हणाली, "काकाजी, याच्यात मराठी टिकत नाई जी. साधी एक्सेलचीच आना." मी साधी आणली. नावं आली, पिवळा रंग आला, जेवण आलं. मला इतका आनंद झाला की तारखांकडे मी घरी येऊनच पाहिलं.

आणि पाहतो तर सात फेब्रुवारीचं एक गाव दोन जुलैला गेलेलं. भर पावसात, धानाच्या रोवणीत नाटक! एक मार्चचं गाव तीन जानेवारीला, म्हणजे होऊनही गेलेलं. अशा आठ-दहा चुका. लॅपटॉपवर पाहावं तर सगळं बरोबर, जसं मी लिहिलं तसंच. मग दोष छापणाऱ्याचा, दुसरा कोणाचा? मी सेंटरवर जाऊन दिव्यानीला चार लोकांत बोललो. (हे लिहिताना मला लाज वाटते. ती नुसती माझ्याकडे पाहत राहिली.) घरी येऊन मी दोन्ही छापील याद्यांवर पेनानं सगळं दुरुस्त केलं. म्हणजे ज्या चुका मूर्खासारख्या दिसत होत्या त्या दुरुस्त केल्या. एक चूक शहाण्यासारखी दिसत होती, ती राहिली. जांभूळबोडीची तारीख तीन फेब्रुवारी होती, छापून आली दोन मार्च. हिरडटोल्याची दोन मार्च होती, छापून आली तीन फेब्रुवारी. दोन्ही तारखा हंगामातल्या, दोन्ही गावं आपलीच. संशय यावा असं काहीच नव्हतं.

म्हणून या सोमवारी, तीन फेब्रुवारीला, आम्ही सव्वीस माणसं, पडदे, पेट्या, हार्मोनियम आणि सिंहासन घेऊन दुपारी तीन वाजता हिरडटोल्यात उतरलो.

जावईबापू, मी आजवर शेकडो गावांत उतरलो आहे. मेटाडोर दिसला की पोरंटोरं धावत येतात, मंडळाचे लोक टोपी सावरत पुढे होतात, मांडवाचे बांबू दिसतात. इथे एक कुत्रा उठला आणि परत झोपला. अंगणात धान वाळत होतं. एक म्हातारी सूप हातात धरून आमच्याकडे पाहत राहिली. तिला वाटलं आम्ही सरकारी आहोत आणि काहीतरी मोजायला आलो आहोत, म्हणून तिनं विचारायच्या आत घरातल्या माणसांचा आकडा सांगितला. तेवढ्यात गुणाबाई आल्या. पन्नाशीच्या बाई, डोक्यावर पदर, हाताला चिखल, कारण त्या मिरचीला पाणी देत होत्या.

"काऊन आले जी तुमी?"

"नाटक," मी म्हणालो.

"नाटक तं दोन मार्चले हाये ना जी. आमी पत्रिका बी छापल्या." त्यांनी घरातून एक पत्रिका आणून माझ्या हातात दिली. त्यावर मोठ्या लाल अक्षरांत दोन मार्च. खाली माझंच नाव, व्यवस्थापक म्हणून.

त्याच वेळी कलाबाईंचा फोन वाजला. (आम्ही योगायोगानं पाळीवरच उभे होतो, नाहीतर तोही आला नसता, आणि आला नसता तर काय झालं असतं हा विचार मी अजून करतो.) जांभूळबोडीचे अध्यक्ष होते. पट संपत आला, पाहुणे आले, मांडव सजला, तुम्ही कुठपर्यंत पोचले? कलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. फोनमध्ये त्या इतक्या गोड आवाजात म्हणाल्या, "हे काय, रस्त्यातच हावो भाऊ," की मीसुद्धा क्षणभर खरं मानलं. मग फोन ठेवून म्हणाल्या, "लटारूभाऊ, मले फक्त एवढं सांगा, आज आपलं नाटक कुठी हाये?"

मी छापील यादी पुढे केली. ती गुणाबाईंनी घेतली, वाचली, आणि तिथेच माझं भविष्य ठरलं. कारण कलाबाई "चला, बसा गाडीत" म्हणाल्या तेव्हा गुणाबाई मेटाडोरच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. रागावल्या नव्हत्या. हिशोबी बाई आहे.

"थांबा जी बाई. तुमच्या कागदावर आज आमचं गाव हाये. दोन मार्चले कोन्तं हाये?"

"जांभूळबोडी," मी म्हणालो.

"म्हंजे दोन मार्चले तुमी थ्या गावले जासान, आन् आमी इथी मांडव टाकून बसू?"

"नाई नाई, आता कळलं ना आमाले. आमी येऊ," कलाबाई म्हणाल्या.

"तुमच्या मशिनले कळलं का?"

मी लॅपटॉपची पिशवी पाठीमागे सरकवली. सात वर्षांआधी एक मंडळी हिरडटोल्याला तारीख देऊन आलीच नव्हती, वडे तसेच राहिले, आणि एका मुलीच्या सासरच्यांनी ते अजून काढायचं सोडलं नाही, असं गुणाबाईंनी शांतपणे सांगितलं. तोवर पंधरा-वीस बाया-माणसं जमली होती. शेवटी त्यांनी तोड काढली. मंडळीनं जावं, त्या गावाचा मान राखावा. पण यादी नीट होईपर्यंत मॅनेजर इथे राहतील. एकेका गावाला फोन करून तारीख पक्की करायची आणि शाळेच्या भिंतीवर लिहायची, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल.

मी कलाबाईंकडे पाहिलं. एकतीस वर्षं, जावईबापू. मला वाटलं, बाई म्हणतील, आमचा माणूस आम्ही सोडून जाणार नाही. नाटकात त्यांनी असं वाक्य निदान पाचशे वेळा म्हटलं असेल.

"ठेवा याले इथी," कलाबाई म्हणाल्या.

"बाई, माझी बीपीची गोळी..."

"किती हायेत?"

"दहा."

"मंग दहा दिवस झाले." आणि मेटाडोर गेला. मागच्या फळीवर बसलेल्या नायिकेनं, उर्वशीनं, मला हात केला. दुसऱ्या हातानं ती भुवया रंगवत होती, कारण जांभूळबोडीला पोचल्यावर वेळ मिळणार नव्हता. (मंडळी वेळेत पोचली आणि पडदा तासभर उशिरा का होईना उघडला, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीवर कळलं. खड्ड्यांमुळे एक भुवई कपाळावर गेली होती, पण ती राणीच्या रागाला शोभली म्हणे. तोवर मी जो जीव मुठीत धरून होतो तो तुम्हाला काय सांगू.)

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप घेऊन शाळेत गेलो, कारण वीज सोलरची आणि सोलर फक्त शाळेवर. तिथे रोशनी मॅडम आहेत, सिंदेवाहीच्या, तिशीतल्या. सरकारला दर आठवड्याला पोरांची उंची, वजन, जेवण, बूट हे सगळं एक्सेलमध्ये भरून पाठवतात, म्हणून त्यांचा हात असा चालतो की मला भोवळ आली. मी म्हटलं, पाहा मॅडम, इथे तीन-दोन लिहिलं आहे, म्हणजे तीन फेब्रुवारी, यात माझी काय चूक? त्यांनी ती चौकट निवडली, उजवं बटण दाबलं, 'फॉरमॅट सेल्स' म्हणून एक पेटी उघडली आणि महिना नावानं दाखव असं सांगितलं. माझ्या डोळ्यांसमोर त्या चौकटीत लिहून आलं, दोन मार्च. मग त्यांनी 'जनरल' केलं तर आला पंचेचाळीस हजार सातशे अठरा.

"हे काय आता?"

"हे खरं हाये काकाजी. हे मशीन एकोणीसशे सालापासून दिवस मोजते. बाकी सगळा वरचा पोशाख. या लॅपटॉपची सेटिंग परदेशातली हाये, आधी महिना, मंग दिवस. तुमी तीन-दोन लिवलं, त्यानं मार्चची दोन समजली. तुमाले दाखवताना परत तीन-दोनच दाखवली."

"म्हणजे माझ्यासमोर माझ्यासारखं बोललं आणि मनात दुसरंच ठेवलं?"

"तसंच काही. सेंटरच्या कॉम्प्युटरची सेटिंग इथली होती, त्यानं मनातलं होतं ते सांगून टाकलं."

तेरा तारखेपासून पुढच्या तारखा का वाचल्या, तर तेरावा महिना जगात नाही म्हणून यंत्र त्यांच्या वाटेला गेलं नाही, शब्द समजून तसंच ठेवून दिलं. आणि सर्वांत कहर ऐका. पेनड्राईव्हवर ती जुनी सीएसव्ही होती, गावांच्या जागी प्रश्नचिन्हं असलेली. मॅडमनी सहज उघडली तर तिच्यात सगळ्या तारखा बरोबर (ती फाईल म्हणे वर दिसतं तेवढंच साठवते, मनातलं नाही)! नावं गेली त्या फायलीत तारखा शाबूत, आणि नावं राहिली त्या फायलीत तारखा गेलेल्या. मी डोळे मिटून बाकावर बसलो. एका मुलीनं मला तिच्या बाटलीतलं पाणी दिलं. दिव्यानीचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

मॅडमनी पाच मिनिटांत सेटिंग बदलली आणि मला बजावलं की आता एकेक तारीख गावाला विचारूनच नव्यानं भरा. तेव्हापासून मी रोज सकाळी पाळीवर उभा राहून गावोगावी फोन करतो. एकोणीस गावं आहेत. आज सायंकाळपर्यंत चौदा झाली. पण काम दिसतं तितकं सोपं नाही. मी विचारतो, "तुमची तारीख नऊच ना?" तर पलीकडून येतं, "काऊन पुसून राह्यले? रद्द तं नाई करून राह्यले ना?" मी म्हणतो नाही, सहज. सहज कोणी पाळीवरून ओरडतं का? ते फोन ठेवतात आणि लगेच कलाबाईंना लावतात. कालपर्यंत तीन तालुक्यांत बातमी गेली होती की मंडळी बुडाली, मॅनेजर जंगलात पळाला. काल कलाबाईंचा फोन आला होता. त्याबद्दल खाली लिहितो. इथे नको.

परवा दुपारी मात्र एक गोष्ट झाली ती लिहायलाच हवी. मी पाळीवर फोन संपवून बसलो होतो. पाच-सहा माणसं होतीच, त्यात तांदूळ निवडणाऱ्या दोघीतिघी. गुणाबाईंनी सहज विचारलं, दोन मार्चला नाटक कोणतं? मी म्हटलं, 'तिसऱ्या सुनेचा उंबरठा'. त्यात काय आहे? मी दोन वाक्यांत सांगायला गेलो. पण जावईबापू, मी सहा वर्षं विंगेत बसून वाक्यं पुरवलेला माणूस, आणि हे नाटक तेव्हापासूनचं. मला दोन वाक्यांत येतच नाही, मला सगळंच येतं. मी सासऱ्याचं पहिलं भाषण म्हटलं. मग सुनेचं म्हटलं, तिच्या आवाजात. मग कारभाऱ्याचं. बघता बघता तिन्ही अंक झाले. सूर्य तळ्यापलीकडे उतरला तेव्हा पाळीवर पन्नास-साठ माणसं बसली होती, आणि निवडायचे तांदूळ सुपात तसेच होते. तिसरी सून उंबरठा ओलांडते तिथे ती सूपवाली म्हातारी रडली. विंगेतून माणसांची तोंडं दिसत नाहीत. दिसते ती नटांची पाठ आणि पडद्याची दोरी. हे वाक्य आलं की माणसाचं तोंड असं होतं, हे मी साठीला आल्यावर पहिल्यांदा पाहिलं. त्या वेळात माझी छाती धडधडली नाही. (रात्रीच्या जेवणानंतर परत सुरू झाली.)

असो. लांबलं. तुमच्या ऑफिसातल्या साहेबांना माझा नमस्कार सांगा. नंदिनीला सांगा की बाबा मजेत आहेत, रोज मोहाच्या झाडाखाली बसतात आणि पातळ भाजी खातात. तिला बाकीचं सांगू नका. तुमच्यावर माझा अजिबात राग नाही, हे मी या पत्रात कुठे नीट लिहिलं नसेल तर इथे लिहितो. चूक सर्वस्वी त्या यंत्राची आहे.

तुमचा, सध्या हिरडटोला ग्रामस्थांच्या ताब्यात सुखरूप असलेला,
लटारू

ता. क. – मूळ काम राहूनच गेलं. येत्या रविवारी तुमची सुटी असेल तर वडशाला कलाबाईंकडे जाऊन यावं. त्या मला काल फोनवर म्हणाल्या की पुढच्या हंगामापासून तारखांचं काम दिव्यानी पाहील, तुम्ही आता आराम करा. मी पाळीवर होतो, सगळे ऐकत होते, म्हणून मी हसून 'बरं बरं' म्हणालो. पण मला आराम करता येत नाही, जावईबापू, मी कधी केलेला नाही. कलाबाई जावयासमोर आवाज चढवत नाहीत. तुम्ही फक्त एवढंच सांगा की लॅपटॉप मुळातच तसा होता, आणि सासऱ्यांना ते कळण्याचा कोणताच मार्ग नव्हता. म्हणजे दोष तुमच्याकडे जातो, पण तुम्ही घुग्घुसला राहता, तुम्हाला तो फारसा दिसणार नाही. दिव्यानी तिथे असेल तर माझ्या वतीनं तिची माफीही मागा. ती मात्र खरोखरची मागा.

ता. क. दुसरा – चहा झाल्यावर, बाईंचा चेहरा बरा दिसला तरच, आणखी एक सांगा. हिरडटोल्याला दोन मार्चला दुसरं नाटक पाहिजे. गुणाबाई आज म्हणाल्या की तिसऱ्या सुनेचा शेवट आता गावात सगळ्यांना माहीत झाला, आणि ज्यांनी ऐकला नव्हता त्यांना बाकीच्यांनी सांगितला. हे कोणी सांगितलं असं बाईंनी विचारलं तर तुम्हाला माहीत नाही.

ता. क. तिसरा – पाकीट बंद करण्याआधी चार्जरची पिन शोधत होतो. लॅपटॉपच्या पिशवीला आतून एक चेन आहे हे मला आजच कळलं. तिच्यात एक चिठ्ठी निघाली. तुमचं अक्षर आहे. 'मामाजी, शिकवताना एक सांगायचं राहिलं. याच्यात तारीख परदेशी पद्धतीनं आहे, आधी महिना मग दिवस. वापरायला सुरू करण्याआधी मला नक्की फोन करा, मी बदलून देतो. – श्रीहरी.' 'नक्की'च्या खाली तुम्ही दोन रेघा मारल्या आहेत. मी ती तीनदा वाचली. इथे अजून कोणी पाहिलेली नाही, आणि रोशनी मॅडमची नजर फार बारीक आहे, म्हणून ती मी याच पाकिटात तुमच्याकडे परत पाठवत आहे. वाचून चुलीत घाला. नंदिनीच्या हाती लागू देऊ नका. आणि रविवारी वडशाला जाच.